घोड्याच्या पाठीचा हिशेब

1871 साली नज्दहून आलेलं दोन वर्षांचं एक शिंगरू मुंबई बंदरात उतरलं. मुंबईतल्या अरबी घोड्यांच्या बाजारात तेव्हा अब्दुल रहमान या व्यापाऱ्याचं नाव मोठं होतं. त्याच्याकडून एका इंग्रज कॅप्टनने ते विकत घेतलं. या घोड्याचं नाव मैदान. तीन वर्षं शर्यती जिंकून झाल्यावर तो लेफ्टनंट कर्नल ब्राउनलो यांच्याकडे गेला आणि अरबी घोड्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव झालं ते तिथून पुढे. ब्राउनलो खोगीर-सामानासह 19 स्टोन भरत, म्हणजे सुमारे 120 किलो. एवढं ओझं पाठीवर घेऊन मैदानने हिंदुस्थानात आणि अफगाणिस्तानात मोहिमा केल्या, 1880 साली काबूल ते कंदाहार ही पाचशे किलोमीटरची मजल मारली आणि तरीही पुढे तो शर्यती जिंकत राहिला, असं ही पुस्तकं सांगतात.

त्याच फौजेचे सेनापती जनरल रॉबर्ट्स यांचा घोडाही मुंबईच्या बाजारातलाच होता. वोनोलेल नावाचा हा करडा-पांढरा अरबी घोडा त्यांनी 1877 साली घेतला. रॉबर्ट्स मात्र अंगाने लहानखुरे, ठेंगणे. व्हिक्टोरिया राणीने या घोड्याला युद्धाची पदकं दिली, तो 1899 पर्यंत जगला आणि डब्लिनला किलमेनहॅमच्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात त्याला पुरलं. एकाच बाजारातले, एकाच वाटेने गेलेले हे दोन घोडे. एकाच्या पाठीवर हलका माणूस, दुसऱ्याच्या पाठीवर दणकट. नाव दोघांचंही राहिलं.

अरबी घोडा दिसायला लहान असला तरी वाटेल तेवढं वजन पेलतो, या समजुतीला अशा कथांनीच बळ दिलं आहे. पण मैदानची कथा जरा बारकाईने तपासावी. ब्राउनलो यांनी त्याच्यावर बारा वर्षं स्वारी केली असं सांगतात. ब्राउनलो 1 सप्टेंबर 1880 रोजी कंदाहारच्या लढाईत पडले. घोडा 1871 मध्ये आला, तीन वर्षं शर्यतीत धावला. मग त्यांच्या स्वारीला उरतात फार तर सहा वर्षं. कथा सांगणाऱ्यांनी काळ दुपटीने ताणला आहे. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. जो घोडा तगला त्याची कथा झाली. ज्यांच्या पाठी 120 किलोंखाली कामातून गेल्या, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात येणार? एका अपवादाच्या जोरावर सगळ्या जातीच्या पाठीवर वजन लादणं हा न्याय नाही, शास्त्र तर नाहीच नाही.

ठाणे-कल्याणच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्याविषयी लिहिताना मार्को पोलोने ठाण्याच्या राजाचा एक करार नोंदवला आहे. चाच्यांनी समुद्रात लुटलेल्या मालापैकी सगळे घोडे राजाला द्यायचे, बाकीची लूट त्यांनी ठेवायची. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणारं जहाज घोड्यांवाचून सहसा येत नसे. पूर्व किनाऱ्याविषयी त्याने लिहिलेलं तर आणखी बोलकं आहे. तिथले राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत आणि वर्षअखेर त्यातले मूठभरच जिवंत राहत, कारण त्यांची निगा कशी राखायची हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारलं जाई. अरबी घोडा आपल्याकडे हजार वर्षांपासून येतो आहे. त्याला घेण्याची हौस आपल्याला जितकी जुनी, तितकी त्याला राखण्याची विद्या जुनी नाही.

आता आजचं चित्र. शुद्ध अरबी घोडा या पट्ट्यात विरळाच. शिकवणीच्या तबेल्यांत दिसतात ते शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, मारवाडी, काठियावाडी आणि मिश्र रक्ताचे घोडे. त्यातल्या काहींच्या डोक्याच्या ठेवणीत, शेपटीच्या उभारीत अरबी रक्त ओळखू येतं. काही घोडे वरातीतून सुटलेले असतात, काही टांग्यातून, काही कोणी तरी उपाशी सोडून दिलेले. अशा एखाद्या घोड्याला कोणी घरी आणतं, चंदी-वैरण घालून उभं करतं आणि वर्षभराने त्याच्यावर बसण्याची वेळ येते. डोंबिवलीत राहणारी, रोज लोकलने ठाण्याला नोकरीला जाणारी, चाळिशीत घोडेस्वारी शिकू लागलेली एखादी स्त्री त्या घोड्यासमोर उभी राहते आणि तिच्या मनात पहिला प्रश्न येतो तो स्वतःच्या वजनाचा: हा मला पेलेल का?

या प्रश्नाला तिला सहसा दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘काही होत नाही, बसा मॅडम’. दुसरं तोंडाने न देता डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवून दिलेलं. पहिल्या उत्तराने घोड्याचं नुकसान होतं, दुसऱ्याने माणसाचं, आणि दोन्हींत हिशेब कोणीच मांडलेला नसतो. प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. तो विचारणारी व्यक्ती त्या तबेल्यातली सर्वांत जबाबदार व्यक्ती असण्याची शक्यता मोठी आहे. चूक एवढीच होते, की ती हा हिशेब स्वतःच्या शरीरापासून सुरू करते. तो घोड्याच्या पाठीपासून सुरू व्हायला हवा.

पाठ म्हणजे काय, हे आधी पाहू. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढच्या दोन पायांमध्ये त्याचं धड स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी तोललेलं असतं आणि पुढच्या-मागच्या पायांमधला कणा ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. त्याची दोरी म्हणजे पोटाचे स्नायू. माणूस बसला की हे धनुष्य खाली दबतं. घोडा पोट आवळून, मागचे पाय अंगाखाली घेऊन पाठ वर उचलून धरू शकला, तरच वजन हाडांवर न येता स्नायूंवर राहतं. हे त्याला शिकवावं लागतं आणि त्यासाठी ताकद कमवून घ्यावी लागते. पाठाळ घोडा जन्मतो थोडा आणि घडतो जास्त.

उपासमारीतून आलेल्या घोड्याचं नेमकं इथेच बिनसतं. शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू झिजतात, खांद्यामागे खळगे पडतात, कण्याचे मणके वर डोकावू लागतात. अशा घोड्याला एकदम भरपूर दाणा देऊन चालत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी अतिशय उपाशी घोड्यांना पुन्हा खायला घालण्याचा अभ्यास केला. त्यातून निघालेली शिफारस लसूणघासाची आहे, तोही थोडा थोडा आणि दिवसातून अनेकदा. पिष्टमय दाणा एकदम पोटात गेला तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढळतो आणि वाचलेला घोडा खाण्यानेच दगावू शकतो. नेहमीच्या वजनावर यायला अशा घोड्याला सहा ते दहा महिने लागतात.

पण वजन परत आलं म्हणजे पाठ परत आली असं नाही. खाण्याने आधी भरते ती चरबी. बरगड्या झाकल्या जातात, पुठ्ठे गोल दिसू लागतात, पाहणारा म्हणतो घोडा काय छान झाला. स्नायू मात्र कामाने येतात आणि हे काम सुरुवातीला रिकाम्या पाठीचं असतं: दोर धरून चालवणं, चढावर चालवणं, जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून पाय उचलून न्यायला लावणं. तबेल्यात हे पारखायची एक साधी रीत आहे. डोळे बाजूला ठेवावेत आणि हाताचा तळवा खांद्यामागून कण्याच्या कडेने कमरेपर्यंत फिरवावा. चरबी बोटांखाली मऊ सरकते. स्नायू भरीव लागतो आणि दाबला की उत्तर देतो. तळवा जिथे खळग्यात शिरतो तिथे खोगीराखाली पोकळी राहणार आणि सगळा भार पुढच्या-मागच्या टोकांवर येणार. बोटांनी दाबताच घोडा पाठ खाली टाकत असेल, कान मागे घेत असेल, तंग आवळताना चावायला येत असेल, तर त्या दिवशी स्वाराचं वजन 40 किलो आहे की 80, हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग आकड्यांचं काय? आकडे आहेत, आणि ते हवेतच. घोड्याच्या वजनाच्या वीस टक्के, स्वार आणि खोगीर-सामान धरून, ही मर्यादा अमेरिकन घोडदळाच्या 1920 सालच्या पुस्तिकेपासून चालत आली आहे. 2008 साली ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ती तपासली. आठ घोड्यांवर वेगवेगळ्या वेळी त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार ठेवून व्यायाम करवला. 25 टक्क्यांना हृदयाचे ठोके आणि श्वास वाढले, स्नायू दुखावल्याच्या खुणा दिसू लागल्या. 30 टक्क्यांना त्या अधिक ठळक झाल्या. याच अभ्यासात कळलं, की ज्या घोड्यांची कंबर रुंद आणि पायाची नळी जाड, त्यांना दुखणं कमी. आइसलँडच्या छोट्या घोड्यांवर झालेल्या 2017 च्या प्रयोगात स्नायूंचा दम तुटण्याची सीमा सरासरी 22.7 टक्क्यांना आली. पण एकेका घोड्याची सीमा पाहिली तर कोणाची 17, कोणाची 27.5. जात एक, देश एक, आणि दोन घोड्यांत दहा टक्क्यांचं अंतर. 350 किलोंच्या घोड्याच्या बाबतीत हे अंतर 35 किलोंवर जातं.

इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला डॉ. स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली छोटी चाचणी याहून कडक निघाली. सहा घोडे आणि चार स्वार. सर्वांत हलका घोड्याच्या वजनाच्या दहा-बारा टक्क्यांचा, सर्वांत जड वीस टक्क्यांहून बराच वर. जड असलेल्या दोन्ही स्वारांच्या सगळ्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण घोडे लंगडू लागले किंवा त्रास दाखवू लागले. विश्रांतीनंतर ते सावरले. ही बातमी जगभर गाजली, अनेक जाड स्वारांना आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटलं. त्यातला एक तपशील मात्र बातम्यांत मागे पडला. सर्वांत जड स्वाराला ते खोगीर पुरत नव्हतं. त्याची बैठक खोगीराच्या मागच्या कडेवर जात होती आणि सगळा भार पाठीच्या मागच्या भागावर पडत होता.

अरबी घोड्याच्या बाबतीत हा तपशील फार मोलाचा आहे. अरबी घोड्याची पाठ आखूड. काही अरबी घोड्यांना इतर घोड्यांपेक्षा बरगडीची एक जोडी आणि कमरेचा एक मणका कमी असतो. आखूड पाठ मजबूत असते हे खरं, त्याची वजन पेलण्याची ख्याती काही अंशी त्यामुळेच आहे. पण त्याच कारणाने खोगीराला जागाही कमी मिळते. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर जाता कामा नये, कारण कमरेखाली बरगड्यांचा आधार नाही. आता उंच, लांब मांड्यांचा माणूस बसला तर त्याला मोठ्या बैठकीचं खोगीर लागणार आणि ते त्या पाठीवर मावणार नाही. म्हणजे 70 किलोंचा उंच माणूस एखाद्या अरबी घोड्याला बाधेल आणि तेवढ्याच वजनाची बुटकी बाई बाधणार नाही. वजनकाट्यावर हे दिसत नाही. मापाची काळजी करणाऱ्या माणसाने किलोंबरोबर खोगीराचे इंचही विचारायला हवेत.

उलट बाजूचा पुरावाही मांडायला हवा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत 1955 पासून टेव्हिस कप ही एका दिवसात 160 किलोमीटर जाण्याची स्पर्धा होते. तिच्यात अरबी आणि अरबी मिश्र रक्ताच्या घोड्यांचाच भरणा असतो. 1990 च्या दशकात तिथल्या 360 घोड्यांचा अभ्यास झाला. घोडा शेवटपर्यंत पोचणार की नाही, याच्याशी स्वाराच्या वजनाचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो घोड्याच्या अंगावर किती मांस-चरबी आहे याच्याशी. रोडावलेले घोडे जास्त बाद झाले. जड स्वार या अभ्यासाकडे आशेने बोट दाखवतात आणि त्यांना तसं करण्याचा हक्क आहे. पण हे घोडे वर्षानुवर्षं कसलेले, त्यांचे स्वारही चढावर उतरून घोड्याबरोबर पळणारे. उपासमारीतून सावरलेल्या घोड्याला या अभ्यासातून धडा मिळतो तो दुसऱ्या निष्कर्षातून: अंगात जीव नसलेला घोडा हलक्या स्वाराखालीही हरतो.

एक गणित करून पाहू. वजनकाटा नसला तरी घोड्याचं वजन मापपट्टीने अंदाजता येतं. पुढच्या पायांमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं. समजा घेर 172 आणि लांबी 150 निघाली, तर घोडा सुमारे 373 किलोंचा. मध्यम अरबी घोड्याचं हे वजन झालं. त्याचे वीस टक्के साडेचौऱ्याहत्तर किलो. त्यातून खोगीर, तंग, रिकिबी आणि खोगीराखालची घडी यांचे आठ किलो आणि स्वाराचे बूट-शिरस्त्राण दोन किलो वजा केले, की स्वाराला उरतात साडेचौसष्ट. हा कसलेल्या, निरोगी घोड्याचा हिशेब. सावरणाऱ्या घोड्याला पहिलं वर्ष पंधरा टक्क्यांवर ठेवावं, असं या लेखाचं मत आहे. मग स्वाराला सेहेचाळीसच किलो उरतात, म्हणजे बहुतेक प्रौढ माणसं बादच होतात, हे मान्य करायला हवं. पहिल्या वर्षी त्या घोड्यावर तबेल्यातल्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत स्थिर स्वारानेच बसावं. बाकीच्यांनी थांबावं, त्यात 60 किलोंचा तरतरीत तरुणही आला आणि 85 किलोंची बाईही आली.

या गणितात एक खाचही आहे. टक्के कशाचे काढायचे? घोडा खाऊन 430 किलोंचा झाला तर त्याच्या वाट्याला अकरा किलो जास्त ओझं येणार का? गणित म्हणतं हो, पाठ म्हणते नाही. अंगावरची जादा चरबी हे घोड्याने आधीच उचललेलं ओझं आहे. टक्केवारी त्याच्या योग्य वजनावर काढावी. आज भरलेल्या वजनावर काढली तर लठ्ठ घोड्याला लठ्ठपणाची शिक्षा दोनदा होते.

आणि मग आपल्याकडची हवा. घोडेवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज 150 च्या वर गेली की सांभाळून, 180 च्या वर गेली की काम बंद. मे महिन्यात ठाण्याला खाडीच्या हवेत 33 अंश सेल्सिअस आणि 70 टक्के आर्द्रता ही काही नवलाची गोष्ट नाही. 33 अंश म्हणजे 91 फॅरनहाइट. बेरीज 161 झाली. घोडा घामावर थंड होतो आणि आपल्याकडचा घाम वाळत नाही. परदेशी प्रयोगशाळेतले वीस टक्के थंड हवेतले आहेत, घोडबंदर रोडच्या उन्हातले नाहीत. इथे सकाळी सातला पेलणारं वजन अकराला पेलत नाही.

एवढं सगळं झाल्यावर स्वाराच्या वजनाचा प्रश्न कुठे उरतो? उरतो, पण एकटा उरत नाही. बटाट्याचं पोतं आणि चांगला स्वार यांचं वजन सारखं असलं तरी घोड्याला ते सारखं लागत नाही. तोल सांभाळता न येणारा स्वार दर पावलाला पाठीवर आदळतो, लगामाला लोंबकळतो, एका रिकिबीवर जास्त भार देतो. ज्याची मांड पक्की, असा 75 किलोंचा माणूस आदळणाऱ्या 60 किलोंच्या माणसापेक्षा घोड्याला सुसह्य होऊ शकतो. यातून कोणी अशी पळवाट काढू नये की कसब असलं म्हणजे वजन मोजायला नको. वीस टक्के हे छप्पर आहे. छपरापर्यंत पोचायचा परवाना म्हणून ते वापरू नये आणि कितीही कसबी स्वार असला तरी त्याच्या वर जाऊ नये.

डोंबिवलीच्या त्या स्त्रीला मग काय सांगायचं? खरं सांगायचं. तिचं वजन विचारायचं, पण चार माणसांसमोर नाही. काटा खोगीरखोलीच्या आत असावा आणि प्रत्येक स्वाराने, अगदी प्रशिक्षकानेसुद्धा, त्याच्यावर उभं राहावं, म्हणजे तो कोणा एकाच्या शरीरावरचा शेरा होत नाही. आकडा जास्त निघाला तर या घोड्याऐवजी कोणता घोडा, हे सांगता आलं पाहिजे, आणि तबेल्यात तसा घोडा नसेल तर तेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. सावरणाऱ्या घोड्याला सर्वांत जास्त गरज असते ती त्याच्यावर बसणाऱ्याची नाही. खरारा करणारा, रोज तेवढ्याच वेळी येणारा, दोर धरून चढावर चालवणारा माणूस त्याला हवा असतो. ती कामं कितीही किलोंच्या माणसाला करता येतात आणि घोड्याची पाठ त्यांनीच परत येते. ही मनधरणी नाही. ज्याने वर्षभर घोडा चालवला त्याच्या हाताला त्याची पाठ जितकी कळते, तितकी नुसत्या स्वाराला कळत नाही.

शिवाजी महाराजांचं 1673 सालचं एक प्रसिद्ध पत्र आहे, चिपळूणच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलं आहे. महाराजांनी दोष पावसाला दिला नाही, घोड्यांच्या नाजूकपणालाही दिला नाही. ज्यांच्या हाती व्यवस्था, त्यांच्यावर जबाबदारी टाकली. घोड्याच्या पाठीवरच्या वजनाबाबत आपण नेमकं याच्या उलट करतो. सगळी जबाबदारी स्वाराच्या मनावर, त्याच्या लाजेवर सोडून देतो. जो संवेदनशील आहे तो काळजी करतो आणि घरी बसतो. ज्याला पर्वा नाही तो बसून रपेट मारतो.

याचं सर्वांत उघड उदाहरण कल्याणहून कर्जत लोकलने नेरळला उतरलं की वर माथेरानला आहे. मोटारींना बंदी असलेल्या या गावात चारशेहून अधिक घोडे प्रवासी वाहतात. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि घोड्यावर बसायचं, ही ठाणे-कल्याणच्या कित्येक कुटुंबांची घोड्याशी झालेली पहिली आणि एकमेव ओळख. तिथे बसणाऱ्याला वजनाची काळजी क्वचितच वाटते. शिकायला आलेला स्वार आठवड्यातून दोनदा तासभर बसतो. इथला घोडा सुट्टीच्या दिवशी एकामागून एक अनोळखी, तोल न सांभाळता येणारी माणसं चढ-उतारावर वाहतो. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही तक्रार घोडेवाल्यांनीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. म्हणजे घोड्याच्या पायाखाली काय आहे याचा विचार तिथे झाला. पाठीवर काय आहे याचाही तितकाच व्हायला हवा.

कायदा अगदीच मुका नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीचे 1965 चे केंद्रीय नियम टट्टूच्या पाठीवर 70 किलो, गाढवाच्या पाठीवर 50 आणि खेचराच्या पाठीवर 200 किलोंची मर्यादा घालतात. दिवसातून नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त काम नको, 37 अंशांच्या वर पारा गेलेल्या भागात दुपारी बारा ते तीन काम नको, हेही त्यांत आहे. हे नियम लिहिले गेले ते गोणी आणि पेट्या डोळ्यांसमोर ठेवून. 95 किलोंचा पर्यटक टट्टूवर बसला तर कोणालाच काही वावगं वाटत नाही. आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांबाबत उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये निकाल दिला. हौसेच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या, वर्षभराची मुदत दिली आणि चालक-मालकांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना आखायला सरकारला सांगितलं. निकाल योग्यच होता. पण पुनर्वसन हा घोड्याच्या आयुष्यातला एक दिवस नसतो. गाडी सुटली आणि घोडा वरातीत गेला, तर बदललं काय? ढोल-ताशात, डीजेच्या भिंतीशेजारी, डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभा असलेला, पाठीवर भरजरी झूल आणि नवरदेव घेतलेला घोडा कल्याणच्या कुठल्याही लग्नसराईत दिसतो. तिथे नवरदेवाचं वजन विचारणं कोणालाही अभद्र वाटेल. विचारायला मात्र हवं.

बंदी हा एकच मार्ग आहे असं हा लेख मानत नाही. ग्रीसमध्ये सँटोरिनी बेटावर पायऱ्यांच्या वाटेने पर्यटक वाहणाऱ्या गाढवांच्या हालांवर ओरड झाली, तेव्हा 2018 मध्ये तिथल्या सरकारने 100 किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा याहून जास्त भार घालायला मनाई केली. गाढवासाठी 100 किलो हा आकडा फारच उदार होता. पाचव्या हिश्श्याची अट हाच त्यातला खरा नियम. पण आकडा कागदावर आला आणि नाही म्हणण्याचं धैर्य एकट्या गाढववाल्याकडून मागायची वेळ टळली.

माथेरानला अडचण तीच आहे. एका घोडेवाल्याने जड गिऱ्हाईक नाकारलं तर त्याची फेरी बुडते आणि शेजारचा तेच गिऱ्हाईक घेतो. त्या फेरीवर घरातली चूल आणि घोड्याची चंदी दोन्ही अवलंबून असतात, तेव्हा त्याला एकट्याला दयाळू व्हायला सांगणं अन्यायाचं आहे. नियम सगळ्यांना एकच हवा आणि तो परवान्यातून यायला हवा. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पशुवैद्यकाने छातीचा घेर आणि लांबी मोजावी, पाठीवरून हात फिरवावा, नळी बघावी, आणि त्या घोड्याची मर्यादा किलोंत त्याच्याच परवान्यावर लिहावी: कोणाची 55, कोणाची 70, उपासमारीतून नुकत्याच उठलेल्याची शून्य. दस्तुरी नाक्यावर प्रवेशशुल्काच्या खिडकीशेजारी एक आडोसा आणि त्यात एक काटा ठेवावा, माणसाला त्याचा आकडा चिठ्ठीवर मिळावा, आणि ती चिठ्ठी पाहूनच घोडा ठरावा. ज्यांना घोडा मिळणार नाही त्यांच्यासाठी अमन लॉजपासून शटल गाडी आहे, ई-रिक्षा आहेत, झाडांच्या सावलीतली पायवाट आहे. आणि ज्या दिवशी घोड्याची मर्यादा शून्य असेल त्या दिवसांची भरपाई मालकाला द्यायची, तर त्यासाठी प्रत्येक पर्यटकाच्या प्रवेशशुल्कातून काही रुपये बाजूला काढता येतील.